दोन पानं वाचून उठणाऱ्या मुलाबद्दल

गुहागर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अकरावी सायन्सला. दहावीला ८९ टक्के. सातवी-आठवीत वाचनालयातून आणलेली जाडजूड पुस्तकं दोन दिवसांत संपवायचा. आता दोन पानं वाचली की उठतो, पाणी पितो, फोन बघतो, परत येऊन बसतो. रात्री साडेबारा-एकपर्यंत अंथरुणात रील्स. मिस्टर मुंबईला. घरात सासूबाई आणि आठवीतली मुलगी, तिलाही आता स्वतःचं इन्स्टा हवंय. "ह्याचा मेंदू कायमचा बिघडला का? एडीएचडी म्हणतात ते हेच का? फोन काढून घेऊ का?"

ताई, तिन्ही उत्तरं आधी देऊन टाकतो. मेंदू बिघडलेला नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, बहुधा नाही, पण खात्री करून घेऊ. आणि फोन एकदम हिसकावून घेऊ नका. ती चूक मी स्वतः एका घराला करायला लावली आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

मी चिपळूणला मुलांचं समुपदेशन करतो आणि महिन्यातून दोनदा खाडीपट्ट्यातल्या शाळांत जातो. बावीस वर्षं झाली. सुरुवातीला पालक यायचे ते "अभ्यासाला बसतच नाही" म्हणून. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०२० मध्ये लॉकडाउनने फोन थेट दप्तरात नेऊन ठेवला, आणि तक्रारीचं वाक्यच बदललं: "बसतो हो, पण टिकत नाही." या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. बसणाऱ्या मुलाला अभ्यास करायचा असतो.

खाडीकाठच्या एका शाळेतल्या नववीच्या मुलाबद्दल गुरुजींनी मला सांगितलं होतं, याचं पाच मिनिटं एका जागी लक्ष नाही. त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर पागायला, म्हणजे फेकायच्या जाळ्याने मासे धरायला, गेलो. मांडीभर पाण्यात, पाग खांद्यावर, एक कड दातात धरलेली, आणि नजर पाण्यावर. बोयटं, म्हणजे खाडीतले मासे, फिरली की पाण्यावर एक बारीक सुरकुती उठते म्हणे. मला शेवटपर्यंत ती दिसली नाही. वीस मिनिटं तो हलला नाही. मच्छर चावत होते, माझ्या पायाला गोळे आले, मी दोनदा काही बोलायला गेलो तर त्याने हातानेच गप्प केलं. मग एकदाच पाग फेकला. बोयटं आली सहा-सात. पाण्यात भिजेल म्हणून फोन घरी ठेवला होता, हेही लिहून ठेवतो.

त्यामुळे "आजकालच्या पोरांचं लक्ष गोल्डफिशपेक्षा कमी, आठ सेकंद" असलं काही कुणी फॉरवर्ड केलं तर सोडून द्या. हा आकडा पसरला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी काढलेल्या एका अहवालातून, आणि त्यामागे धड संशोधन नव्हतं. लक्ष म्हणजे काही टाकी नाही, की आधी पन्नास लिटरची होती आणि आता पाचाची झाली. मुलगा वीस मिनिटं पाण्यात उभा राहू शकतो, पुस्तकासमोर बसू शकत नाही. मग अडतं कुठे?

माझं म्हणणं असं, की अडतं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. कुठलंही जड काम सुरुवातीला रुक्षच लागतं. डोकं त्यात रुळायला वेळ लागतो. नवी बैलजोडी पहिल्या तासाला सरळ चालत नाही, तसंच. त्या पोराला पाण्यात उभं राहण्याचा कंटाळा येत नाही असं नाही, येतो. पण बापाबरोबर सातव्या वर्षापासून गेल्यामुळे कंटाळ्यानंतर बोयटं येतात हे त्याला अंगाने माहीत आहे. पुस्तकाबाबत हा भरवसा तुमच्या मुलाला पूर्वी होता. आता त्या रुक्ष मिनिटांत हाताशी एक वस्तू असते, जी दर काही सेकंदांनी काहीतरी देते. कंटाळा आला, फोन उघडला, बरं वाटलं. हे दिवसातून शंभरदा केलं की उठण्याचीच तालीम होते. मुलगा आळशी झालेला नाही; उठण्यात तो तरबेज झालाय.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक साधी गोष्ट करायला लावतो. जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या न वाचलेल्या एका पानाची झेरॉक्स, एक पेन्सिल, टेबलावर जुनं गजराचं घड्याळ. "वाच. उठावंसं वाटलं किंवा फोन आठवला की समासात टिंब काढ आणि पुढे वाच." एवढंच. गेल्या जूनमध्ये एकाने वाचलेलं पान अजून माझ्या फायलीत आहे. पहिलं टिंब तिसऱ्या ओळीला. मग पाचव्या, सहाव्या, सहाव्याच ओळीला पुन्हा दोन, त्यातलं एक इतकं दाबून काढलेलं की कागद फाटलाय. पहिल्या परिच्छेदात एकूण अकरा. दुसऱ्यात चार. अर्ध्या पानाच्या पुढे दोन, आणि शेवटच्या आठ ओळींत एकही नाही. घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. पान हातात घेऊन तो बघत बसला. म्हणाला, "सर, म्हणजे नंतर थांबतं?"

थांबतं. पण घरी तो तिथवर कधी पोचतच नव्हता. तिसऱ्या टिंबाला उठत होता.

आता फोनच्या बाजूने बघू. रील्समध्ये प्रत्येक रील चांगली असती तर मुलं तासाभरात कंटाळली असती. चार टाकाऊ, मग एक झकास, मग सहा टाकाऊ. पुढची कशी असेल ते ठाऊक नसणं, हाच गळ. डोपामिनला सगळे आनंदाचं रसायन म्हणतात, पण त्याचा जोर आनंदापेक्षा चाहुलीवर जास्त असतो, आणि अनपेक्षित लाभावर सर्वांत जास्त. म्हणाल तर गळ टाकून बसलेल्या माणसालाही हेच बांधून ठेवतं. फरक असा, की समोर कोण बसलंय ते खाडीला ठाऊक नसतं. फोनला असतं. तुमचा मुलगा कुठल्या चित्रावर दोन सेकंद जास्त थांबला ते मोजून पुढचं चित्र लावलं जातं. त्यात त्याला बूड नाही. पुस्तकाचं पान संपतं, मालिकेचा भाग संपतो. सरकवत राहिलं की पुढे येतच राहणारं पान २००६ च्या सुमारास निघालं, तेव्हापासून "चला, संपलं" म्हणण्याची जागाच गेली. आणि स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. एका बाजूला हजारो इंजिनियर, दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांचा पोरगा. त्याला नुसतं "मनावर ताबा ठेव" सांगणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

मोठी माणसं तरी कुठे वेगळी आहेत? कॅलिफोर्नियातल्या संशोधक ग्लोरिया मार्क कचेरीत काम करणाऱ्यांचं निरीक्षण करत आल्या आहेत. २००४ मध्ये माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या वर्षांत ते सुमारे ४७ सेकंदांवर आलंय. ही सगळी पगारी, जबाबदार माणसं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या धक्क्यावर उभे राहून बघा. पूर्वी लोक पाण्याकडे बघत, कुणाची आंब्याची कलमं कशी आलीत त्यावर बोलत. आता सगळ्यांच्या माना खाली. मीही त्यात असतो, खोटं कशाला बोलू.

विचारांचं काय, असा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत, पण मला जास्त काळजी त्याची वाटते. एका वेळी डोक्यात जेमतेम चार गोष्टी धरता येतात. भौतिकशास्त्राचं गणित सोडवताना दिलेल्या किमती, काय काढायचंय, कुठलं सूत्र आणि आत्ता कुठल्या पायरीवर आहोत, एवढ्याने ओंजळ भरते. तेवढ्यात फोन वाजला, नुसता वाजला तरी, त्यातलं काहीतरी सांडतं. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं, की एका कामातून दुसऱ्यात गेलो तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामाला चिकटून राहतो. मुलगा दहा सेकंद स्टेटस बघून परत पुस्तकाकडे वळतो, पण डोकं अजून त्या स्टेटसवर कोणी काय लिहिलं तिथेच असतं. म्हणून "एक मिनिटच बघितला" हे त्याचं म्हणणं घड्याळाप्रमाणे खरं असतं, अभ्यासाप्रमाणे नसतं.

त्यात आता एआयची भर. तुर्कस्तानात जवळपास हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग मी पालकसभेत हमखास सांगतो. गणिताच्या सरावाला चॅटबॉट दिलेल्या मुलांनी सराव ४८ टक्के जास्त चांगला केला. मग चॅटबॉट काढून परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे. उत्तर देण्याऐवजी फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचं असं नुकसान झालं नाही. म्हणजे यंत्र वाईट असं नव्हे. अडकून बसण्याची ती चार मिनिटं यंत्राने खाल्ली की शिकणं राहून जातं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी निव्वळ घाबरवतोय असं होईल. लॉस एंजेलिसमधल्या १५-१६ वर्षांच्या २,५८७ मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. सुरुवातीला कुणालाच एडीएचडीची लक्षणं नव्हती. डिजिटल माध्यमं फार कमी वापरणाऱ्यांपैकी ४.६ टक्क्यांत नंतर तशी लक्षणं दिसली. अभ्यासात मोजलेले डिजिटल वापराचे चौदाच्या चौदा प्रकार सतत वापरणाऱ्यांत १०.५ टक्के. दुपटीहून जास्त, हे खरंच. पण उरलेल्या जवळपास नव्वद टक्के मुलांना काही झालं नाही, हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय आधीपासून चंचल असलेलं मूलच फोनकडे जास्त ओढलं जात असेल, ही शक्यता अशा अभ्यासांत पुरती मिटत नाही.

आणि फोन हा आपल्याकडे दरवाजाही आहे. लॉकडाउनमध्ये सड्यावर जाऊन, झाडाखाली ताडपत्री बांधून नेटवर्क पकडणारी पोरं आपण सगळ्यांनी बघितली. तुमच्या गावातून सीईटीचा क्लास लावायचा तर चिपळूण किंवा रत्नागिरी. एसटीत दिवसाचे तीन तास जातात. तो क्लास फोनवर मिळतो. शालेय शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या "असर"च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. दोन्ही एकाच यंत्रावर, एकाच हातात. खरी अडचण तीच आहे.

"पण आमच्या पोरांना मार्क तर चांगले पडतात," असंही ऐकतो. दहावी-बारावीत कोकण विभाग बहुतेक दरवर्षी राज्यात पहिला असतो, अभिमान मलाही आहे. पण ठराविक प्रश्नांची ठराविक उत्तरं पाठ करायला लहान लहान तुकड्यांतलं लक्ष पुरतं. अकरावीला पहिल्यांदाच लांब पल्ल्याचा विचार लागतो, आणि नेमकं तिथे ८९ टक्केवालं मूल गडबडतं. तुमच्या मुलाचं मला तसंच दिसतंय.

आता ती चूक. २०१८ च्या सुमारास एका वडिलांना मी सांगितलं, फोन कपाटात कुलूपबंद करा. त्यांनी केला. महिन्याभराने गोठ्याच्या माळ्यावर, पेंढ्यात दुसरा फोन सापडला. मुलाने काजूबिया गोळा करून विकल्या होत्या आणि काच फुटलेला जुना सेट घेतला होता. आधी निदान ओटीवर सगळ्यांसमोर बघायचा. आता रात्री गोठ्यात, एकटा, आणि घरात कुणाशी बोलणं नाही. ती गाठ सोडवायला आम्हाला वर्ष लागलं.

नुसत्या बंदीने काय होतं ते निसर्ग चक्रीवादळानेही दाखवलं. ३ जून २०२० ला वादळ आलं, आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत पुढे काही आठवडे वीज नव्हती. फोन मेले. मी ज्या मुलांना ओळखत होतो ती पहिले चार-पाच दिवस नुसती चिडचिडी. मग पडलेली झाडं तोडायला लागली, कौलं चढवायला लागली, रात्री पत्ते, भेंड्या. दोघांनी जुनी मासिकं काढून वाचली. मला वाटलं, सुटली! वीज आली आणि आठवड्यात सगळं जिथल्या तिथे. फोन नाहीसा करून सवय मोडत नाही, थांबते. घराची मांडणी बदलली तरच फरक पडतो.

तेव्हा तुमच्या घरापुरतं सांगतो. सुरुवात रात्रीपासून करा, अभ्यासापासून नको. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. एकला झोपून सहाला उठणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी लक्ष नाही याचं नवल वाटायला नको. माझ्या अनुभवात अर्ध्याअधिक तक्रारी झोप सुधारल्यावरच निवळतात. साडेदहाला घरातले सगळे फोन माजघरात एका जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचा आणि सासूबाईंचाही. "गजर लावायला लागतो" ही सबब येणार, म्हणून आधीच दीड-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणून ठेवा.

अभ्यासाच्या वेळी फोन उपडा टेबलावर नको, दुसऱ्या खोलीत. २०१७ मध्ये टेक्सासला सुमारे ८०० लोकांवर प्रयोग झाला होता: फोन बंद असला तरी नुसता समोर असल्याने डोकं कमी चाललं. पुढे इतरांनी करून बघितलं तेव्हा दरवेळी तोच निकाल आला नाही. पण खोली बदलायला पैसे पडत नाहीत.

मग टिंबांचा खेळ. रोज एकच बैठक, कागदावरच्या पुस्तकाची. पीडीएफ नको, ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेल्या निष्कर्षात माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो असं दिसलं, गोष्टींच्या बाबतीत फरक नव्हता. पहिल्या दिवशी आठ मिनिटं. उठायचं नाही, टिंब काढायचं. तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवायची, घाई नको. बैठक संपली की पुस्तक मिटून काय वाचलं ते सासूबाईंना सांगायचं. त्यांना पेशीविभाजन कळलं नाही तरी चालेल; न बघता आठवून सांगण्यातच पाठ पक्का होतो, पुन्हा पुन्हा वाचण्याने तेवढा होत नाही. आणि आजी "म्हणजे काय रे?" विचारतात ते कुठल्याही क्लासपेक्षा भारी.

दोन अडचणी त्याच्या हातात नाहीत, त्या तुम्ही काढा. एक, मिस्टरांचा व्हिडिओ कॉल. तुम्ही लिहिलंय की तो रात्री नऊ-साडेनऊला कधीही येतो. मुंबईत लोकल पकडून खोलीवर पोचलेल्या माणसाला तेव्हाच वेळ मिळतो, कळतं मला. पण वेळ ठरवा, आणि तो तुमच्या फोनवर येऊ दे. दुसरी, कॉलेजचा ग्रुप. गृहपाठ, सूचना, वेळापत्रक, सगळं रात्री आठनंतर ग्रुपवर टाकायचं आणि सकाळी पालकांना फोन कमी वापरायला सांगायचं, हा विनोद मी गेली पाच वर्षं बघतोय. दोन-चार पालक मिळून जा आणि गृहपाठ वर्गातच वहीत लिहून द्या म्हणावं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही-फोन बंद. आपल्या वाडीत असं होईल का, मला शंका आहे; आपल्याकडे भजनाची वेळ ठरवायला तीन बैठका लागतात. पण समोरच्या दोन घरांनी जरी साथ दिली तरी मुलाला एकटं पडल्यासारखं होत नाही.

मुलीच्या इन्स्टाबद्दल. तेरा वर्षांची अट कुणा मेंदूतज्ज्ञाने घातलेली नाही. मुलांची माहिती गोळा करण्याबाबतच्या १९९८ च्या अमेरिकन कायद्यातून ती आली. त्यामुळे "तेरा पूर्ण झाली" हे कारण धरू नका. मी तरी दहावीपर्यंत थांबेन. थांबायचं नसेल तर तुमच्या फोनवर, ओटीवर, दिवसा.

आता एडीएचडी. ती लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, आणि घर, शाळा, खेळ अशा किमान दोन ठिकाणी तरी. सातवीत जाड पुस्तकं संपवणारं मूल त्या वर्णनात सहसा बसत नाही. रील बघून स्वतःचं निदान करणारी मुलं हल्ली दर आठवड्याला येतात, त्यातला तो होऊ देऊ नका. मात्र तो मित्रांना टाळत असेल, जेवण कमी झालं असेल, आवडतं क्रिकेटही सोडलं असेल, किंवा "कशाला जगायचं" असं काही बोलला असेल, तर हे लक्षाचं प्रकरण नाही, थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं दचकतात, पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवणं म्हणजे कुणाला ठेवून घेणं नव्हे. चष्म्याचा नंबर आणि हिमोग्लोबिन तेवढं आधी बघून घ्या. याचं कमी नाही निघालं तरी मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघण्याची शक्यता बरीच.

तीन आठवडे एवढं करा. मग एखाद्या शनिवारी दोघांना घेऊन या. टिंबं काढलेली सगळी पानं आणा, तारीख घातलेली, चुरगळलेली असली तरी. तो विसरला ते दिवस कोरे ठेवा, मागाहून भरायला लावू नका. मला ते कोरे दिवसही बघायचे आहेत.